आमच्या पोराचं आतडं तुमच्या यादीत नाही

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी आमच्या जिल्ह्यात बालशस्त्रक्रियेचं मोफत शिबिर झालं. मुंबईचे सर्जन येणार, मुलं निवडणार, तिकडे नेऊन फुकट ऑपरेशन करणार, असं फ्लेक्सवर लिहिलं होतं. फ्लेक्सवर फोटो भरपूर, तुमचाही होता. आमच्या दीड वर्षाच्या पोराला आतड्याचा जन्मजात आजार आहे, हिर्शस्प्रुंग त्याचं नाव. त्याला घेऊन आम्ही उजाडायच्या आत जाऊन बसलो. उद्घाटन अकरानंतर झालं. शाली झाल्या, नारळ झाले, भाषणं झाली. आमचा नंबर आल्यावर टेबलावरच्या बाईंनी फाइल चाळली आणि म्हणाल्या, "हिर्शस्प्रुंग? हे आपल्या यादीत नाही." दोन महिन्यांपूर्वी याच फाइलवर सही करून "तुमचं नाव पहिलं टाकतो" म्हणणारे साहेब शेजारीच फेटा बांधून उभे होते. त्यांनी ओळख दाखवली नाही.

घरी येऊन मी ती यादी काढून वाचली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, साल २०१३. जन्मजात दोषांची नऊ नावं आहेत. पाठीच्या कण्याचा दोष, डाउन सिंड्रोम, दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडं पाऊल, खुब्याचा सांधा, मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा. सगळी खरी दुखणी आहेत, कुणाचं नाव काढा असं मी म्हणणार नाही. पण डोक्यापासून पावलापर्यंत गेलेली ही यादी नेमकी पोटाला वळसा घालून गेलीय. शीची जागाच नसलेली बाळं जन्माला येतात, त्यांचंही नाव नाही. एक डॉक्टर म्हणाले, "इतर"मध्ये बसवता येतं. मग बसवा ना! टेबलावरच्या माणसाला "इतर" म्हणजे काय हे माहीत नसेल तर तो रकाना कुणाच्या शोभेसाठी ठेवलाय?

आणि आजार काही कालपरवाचा नाही. कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंग नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी तो १८८६ मध्ये मांडला. १९४८ मध्ये अमेरिकेत स्वेन्सन यांनी त्यावरचं ऑपरेशन प्रसिद्ध केलं. म्हणजे इलाज आपल्या स्वातंत्र्याएवढाच जुना. आतड्याच्या शेवटच्या टोकाला ज्या मज्जापेशी, म्हणजे नसांच्या पेशी, लागतात, गँग्लियन म्हणतात त्यांना, त्या तिथवर पोचलेल्याच नसतात. तेवढा भाग आवळलेला राहतो, पुढे ढकलत नाही, आणि वरचं चांगलं आतडं फुगत जातं. साधारण पाच हजारांत एका बाळाला हे होतं, मुलींपेक्षा मुलांना जवळपास चौपट. राज्यात वर्षाला अठरा-वीस लाख बाळं जन्मतात म्हणे. करा भागाकार. साडेतीनशे-चारशे लेकरं, दर वर्षाला. एवढ्या मतांवर सरपंच निवडून येतो, साहेब.

ओळखायला काय लागतं? दिवस भरून जन्मलेलं निरोगी बाळ पहिल्या ४८ तासांत काळी-हिरवी शी करतंच, शंभरातली नव्व्याण्णव करतात. आणि सरकारी दवाखान्यात नॉर्मल बाळंतिणीला ४८ तास ठेवायचं असा तुमचाच नियम. सोडताना एक प्रश्न विचारायचा, "बाळाला शी झाली का?" आमच्या कार्डावर वजन आहे, बीसीजी आहे, पोलिओचा डोस आहे, आईचं आधार आणि बँक खातं आहे. शीचा रकाना नाही. बायकोनं सिस्टरांना आपणहून सांगितलं होतं. "होईल गं, अंगावर पाज," एवढं उत्तर मिळालं. त्यांना पलंग रिकामा हवा होता.

घरी आल्यावर पोट नगाऱ्यासारखं झालं. आमच्या आईनं बेंबीला हिंग लावला, विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून शीच्या जागी लावला. भसकन शी झाली, वारा सरला, पोट बसलं, सगळ्यांना हायसं वाटलं. फसगत होते ती इथेच. देठानं, साबणाच्या कांडीनं, रबरी नळीनं पोट तेवढ्यापुरतं मोकळं होतं आणि आठवडे निघून जातात. तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी गॅसचे थेंब दिले, मग वरचं दूध बदललं. हिरवी उलटी झाली तर म्हणाले, पित्त झालंय. तान्ह्या बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतडं अडलं असं धरून सर्जनकडे पळायचं असतं, हे मला पुढे मोठ्या दवाखान्यात एका निवासी डॉक्टर मुलीनं सांगितलं. छत्तीस तास जागी होती बिचारी, तरी कागदावर आतड्याचं चित्र काढून समजावलं.

मग एक दिवस जुलाब सुरू झाले. आम्हाला वाटलं, सुटलो एकदाचे! ते जुलाब म्हणजे आतड्याला आलेली सूज होती, एन्टेरोकोलायटिस. या आजारात लेकरं दगावतात ती बहुतेक याच्यानंच. पोर तापानं फणफणलेलं, डोळे खोल गेलेले. जिल्ह्याच्या दवाखान्यात बालरोगतज्ज्ञ होते, बालशल्यचिकित्सक नव्हते. जिल्ह्यात एकही नाही. १०८ नं विभागाच्या ठिकाणी नेलं. तिथे बेरियमचा एक्सरे निघाला, गुदद्वारातून बायोप्सी झाली, म्हणजे आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासला, मज्जापेशी नाहीत असा रिपोर्ट आला आणि पोटावर शीची वाट काढली. जीव वाचला. त्या डॉक्टरांच्या पाया पडायची माझी तयारी आहे.

पण पुढचं कुणी बघितलंय का? योजनेत ऑपरेशन बसतं, असं म्हणतात. आम्हाला बायोप्सीची तपासणी बाहेरून करून आणायला लावली. पोटावरच्या वाटेतून येणारी शी साठवायच्या पिशव्याही बाहेरून. तान्ह्या पोटाला बसेल अशी पिशवी आमच्या तालुक्यात मिळत नाही, मोठ्या माणसाची मिळते, ती कापून लावली तर कडेनं गळते. गळलं की कातडी सोलून निघते, लालभडक, आणि पोर हात लावू देत नाही. शेवटी बायको जुन्या सुती लुगड्याच्या घड्या बांधते, दिवसातून किती वेळा बदलते ते मोजायचं तिनं सोडून दिलंय. लग्नकार्याला जाणं बंद. शेजारणी आपली पोरं ओढून घेतात. चांगलं आतडं खाली आणून जोडायचं मुख्य ऑपरेशन अजून बाकी आहे. सरकारीत तारखेवर तारीख मिळतेय, खासगीत अडीच लाख सांगितले.

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दिवसभर लोकांची आयुष्मान कार्डं मीच काढून देतो. पाच लाखांपर्यंत मोफत, असं मीच त्यांना हसत सांगतो. सर्जनच नसेल तर पाच लाख काय आणि पन्नास लाख काय, कार्ड पोटावर बांधायचं का?

मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या विळ्यानं चटके देतात, डंबा म्हणतात त्याला. बातमी आली की तुमची यंत्रणा गुन्हा दाखल करते, भूमकाला, म्हणजे तिथल्या वैदूला, धरते. धरा, अघोरीच आहे ते. पण त्या लेकराचं पोट मुळात का फुगलं होतं, हा प्रश्न पंचनाम्यात कुणी लिहिलेला माझ्या वाचनात नाही.

पैसे नाहीत म्हणू नका. शक्तिपीठ महामार्गाला ८६ हजार कोटींच्या घरात आकडा सांगता. आमच्याच भागातून जाणार आहे तो. देवदर्शनाला वेगानं जाता येईल, आनंद आहे. राज्यांनी बजेटचे आठ टक्के आरोग्यावर खर्चावेत, तेही २०२० पर्यंत, असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात छापलंय. आपण पाच टक्क्यांच्या आतबाहेर घुटमळतोय. मंत्री बदलतात, पक्ष फुटतात, पालकमंत्रिपदावरून रुसवेफुगवे होतात, त्यासाठी रात्री-अपरात्री बैठका होतात. रिक्त पदांसाठी कुणी रात्र जागवल्याचं ऐकिवात नाही. तुमची नातवंडं कुठे जन्मतात हे विचारत नाही, सगळ्यांना माहीत आहे.

मागणं फार नाही. घरी सोडायच्या कार्डावर शीचा एक रकाना छापा, आणि तो रिकामा असेल तर बाळाला सोडू नका. आतड्याचे जन्मजात दोष यादीत नावानिशी घाला. निदान दोन-तीन जिल्ह्यांत मिळून एक बालशल्यचिकित्सक द्या आणि लहान मुलांच्या पिशव्या जिल्हा रुग्णालयाच्या औषधखिडकीवर ठेवा.

उत्तर द्यायचं असेल तर "आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे" असं पाठवू नका. असली पत्रं घेऊन रोज कुणी ना कुणी माझ्या काउंटरवर येतं, मीच त्यांच्या झेरॉक्स काढतो. तारीख पाठवा.

आपला,
हिर्शस्प्रुंगच्या पोराचा बाप
मराठवाडा