लवणस्तंभांना हात लावू नका, हेही पुरवणीत छापा

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

आंध्र प्रदेशातील बेलम गुहांविषयी वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत अधूनमधून वाचायला मिळते. अंतर किती, तिकीट कुठे, जेवणाची सोय काय, हे त्या मजकुरात असते. आत गेल्यावर काय करू नये, हे सहसा नसते. ही उणीव मला स्वतःच्या चुकीमुळे जाणवली, म्हणून हे पत्र.

गेल्या हिवाळ्यात आम्ही कुर्नूलला नातेवाइकांकडे मुक्कामी होतो. तिथून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या या गुहा एका दिवसात पाहून यायचे ठरले. पत्नी, दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई असे आम्ही पाच जण होतो. गुहा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कड्यात कोरलेले लेणे येते. इथे डोंगर नाही, कडा नाही. सपाट माळावर विहिरीसारखे खड्डे आहेत आणि त्यांतल्या एकातून पायऱ्या खाली उतरतात. आत ३,२२९ मीटर लांबीचे मार्ग मोजले गेले असून त्यांपैकी सुमारे दीड किलोमीटर आपल्याला पाहता येतात. जमिनीखाली गारवा असेल या समजुतीने आईने शाल घेतली होती. पण आत दमट उकाडा होता आणि बाहेरची हवा आत सोडण्याची सोय असूनही अरुंद वाटांत घामाच्या धारा लागल्या. ‘पाताळगंगा’ हा झऱ्याचा भाग प्रवेशाच्या पातळीपासून सुमारे ४६ मीटर खाली आहे. तिथे आई उतरली नाही, हे बरेच झाले. वयस्कर माणसांना नेणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

आईने मात्र भिंतीकडे पाहून एक नेमकी गोष्ट सांगितली : “अरे, हा तर आपल्या ओट्याचा कडप्पा!” आपल्याकडच्या स्वयंपाकघरांतली ती काळी फरशी याच पट्ट्यातल्या चुनखडकाची असते. आपला बहुतेक महाराष्ट्र बेसाल्टचा. त्यात लेणी कोरता येतात, पण पाण्याने खडक विरघळून आपोआप अशा गुहा तयार होत नाहीत. चुनखडकाचे तसे नाही. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, भेगांतून झिरपताना खडक विरघळवते आणि छतातून थेंब थेंब गळताना तो वायू सोडून देऊन चुन्याचा सूक्ष्म थर मागे ठेवते. असे थर साचत जाऊन छताला लोंबणारे आणि जमिनीवर उभे राहणारे खांब तयार होतात. भूगोलाच्या पुस्तकातले लवणस्तंभ ते हेच. (लवण म्हणजे मीठ, असे समजून माझ्या धाकट्याने “चाटून बघू का?” असे विचारले. तेवढ्यापुरते मी त्याला अडवले.) त्यांची वाढ वर्षाला मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतकी असते, म्हणजे बोटभर लांबीला शतके लागतात. बोटांचा तेलकटपणा त्यावर बसला, तर पुढचा थर नीट धरत नाही आणि त्या जागी वाढ खुंटू शकते.

ही सगळी माहिती मी घरी परतल्यावर, थोरलीने विचारलेल्या प्रश्नांमुळे वाचली. गुहेत असताना वागलो ते याच्या अगदी उलट. ‘सप्तस्वर’ नावाच्या दालनातले, लवणस्तंभांसारखेच थर साचून झालेले खडकाचे पडदे ठोकले की धातूसारखा नाद येतो. आमच्या पुढचे लोक एकामागून एक ते ठोकत होते, कोणी बोटाच्या पेराने तर कोणी नाण्याने. आणि आमची पाळी आल्यावर मीच धाकट्याला उचलून धरले, त्याचा हात पोचावा म्हणून. त्या वेळी त्यात काही गैर आहे असे मला वाटले नाही, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्यांनाही वाटले नसणार.

अजिंठ्यात चित्रांवर फ्लॅश मारायचा नाही, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते, कारण ते वर्षानुवर्षे सांगितले आणि छापले गेले. फ्रान्समधील लास्को ही प्रागैतिहासिक चित्रांची गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली आणि प्रेक्षकांच्या श्वासोच्छ्वासाने चित्रे बिघडू लागल्यामुळे १९६३ मध्ये बंद करावी लागली. बेलमला चित्रे नाहीत, म्हणून तिथे बिघडण्यासारखे काही नाही, असा आपला समज दिसतो. ब्रिटिश भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये नोंदवलेल्या या गुहा २००२ पासून पर्यटकांसाठी खुल्या आहेत. इतक्या थोड्या वर्षांत हाताळून गुळगुळीत झालेले भाग पाहिले की पुढच्या पन्नास वर्षांची धास्ती वाटते.

माझी विनंती एवढीच आहे, की आपल्या पुरवणीत यापुढे अशा गुहांविषयी मजकूर येईल, तेव्हा अंतर आणि तिकिटाच्या चौकटीत आणखी दोन ओळी असाव्यात : आत दमट उकाडा असतो, श्वासाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून जावे, आणि कोणत्याही लवणस्तंभाला हात लावू नये, नाद ऐकण्यासाठीसुद्धा नाही. दुसऱ्या ओळीचे कारणही सोबत द्यावे. नुसती मनाई वाचून माझ्या धाकट्याचे समाधान झाले नसते.

आपला,
एक वाचक, सोलापूर