भाऊंची भिंत

नाशिक,
रविवार, दुपार

प्रिय शैले,

गौरी जेवल्या त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मी घरातच होते. मुद्दाम उचलला नाही. का, ते खाली येईलच. माझा गुडघा आहे तसाच आहे, ह्यांची शुगर ताब्यात आहे, एवढं पुरे.

वाचनालयाला खोली मिळाली. पाथर्डी फाट्याच्या आत, आमच्या कॉलनीच्या समाजमंदिराला लागून, वीस बाय तीस फूट. तुमचा वाडा रिकामा करताना तू भाऊंची पुस्तकं माझ्या हवाली केलीस, तेव्हा मी छातीठोकपणे म्हटलं होतं, ‘एक अख्खी भिंत भाऊंची.’ त्या भिंतीबद्दलच लिहायला बसलेय.

घरोघर फिरून लोकांना काय हवंय ते विचारायचं, ही टूम माझीच. मास्तरीणबाईची खोड, दुसरं काय. वही घेऊन साठेक घरं फिरले. मला वाटलं होतं, लोक कथा-कादंबऱ्यांची नावं सांगतील. पहिल्याच घरातल्या आजोबांनी विचारलं, ‘तिथे संडास आहे का?’ पेपर त्यांना मोबाईलवर मिळतो. घराबाहेर दोन तास बसायला जागा हवीय, पण त्या वयात संडास नसेल तिथे माणूस बसणार कसा? आम्ही काढलेल्या नकाशात संडास नव्हताच. पायऱ्या मात्र तीन होत्या, आणि शेजारी कुंड्या!

अंबडच्या कंपन्यांत कामाला असलेल्यांच्या बायका दुपारी दोन ते चार मोकळ्या असतात. नेमकं तेव्हाच आम्ही टाळं लावणार होतो, सगळ्या जुन्या वाचनालयांसारखं. त्यांतली एक बिहारची. म्हणाली, ‘हिंदी किताब रखेंगे क्या? और फॉर्म भर देंगे?’ मुलाच्या शाळेचा फॉर्म भरून द्यायला तिला दर वेळी पैसे मोजावे लागतात. हे मी वहीत लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.

पण सगळ्यांत जास्त मागणी अभ्यासिकेची. एमपीएससीची, नीटची पोरं. एका खोलीत चौघं राहतात, एकाला झोपायचं असतं, दुसऱ्याला वाचायचं. पुस्तकं त्यांची त्यांच्याकडे आहेत. त्यांना हवी खुर्ची, पंखा, चार्जिंगला प्लग आणि रात्री अकरापर्यंत उघडं दार. एका मुलीची आई म्हणाली, गल्लीतला दिवा लागला तरच पाठवीन. म्हणजे आता दिव्यासाठीही अर्ज करणं आलं.

भाऊंची पुस्तकं कुणीही मागितली नाहीत गं. एकानेही नाही.

मग मी हिशेब केला. (गणितात मी तुझ्यापुढे होते, हे दहावीच्या निकालाने सिद्ध झालंय, तू कितीही नाकार.) चौदाशे पुस्तकं, एका कपाटात दाटीवाटीने दोनशे. म्हणजे सात कपाटं. एका कपाटाच्या जागेत दोन पोरं बसतात. म्हणजे भाऊ विरुद्ध चौदा पोरं. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, रद्दीवाला किलोला बरा भाव देतो. त्यांच्याशी मी अजून बोलत नाही. पण त्यांचं गणितही माझ्यासारखंच चौदावर येतं, हे मला रात्री झोपू देत नाही.

तुला आठवतं ना, भाऊ एकही पुस्तक घरी नेऊ द्यायचे नाहीत. हात धुऊन या, माडीवर बसा, पान दुमडू नका. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले, त्यातला पहिलाच म्हणजे ग्रंथ उपयोगासाठी आहेत. भाऊ तो मोठ्याने सांगायचे आणि कपाटाला कुलूप घालायचे! म्हणून तर आपण सावानाचं, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं, कार्ड काढलं. तिथलं ते पुस्तक तूच हरवलंस, मी अर्धा दंड भरला, आणि ते पैसे मला अजून मिळालेले नाहीत. असो. पण माझी डी.एड.ची दोन वर्षं त्या माडीवर गेली. आमच्या दोन खोल्यांत सात माणसं, तिथे कुठला अभ्यास व्हायला? भाऊंनी मला पुस्तकं दिली नाहीत, एक बाक दिला आणि दिव्याखालची जागा दिली. हे मी माझ्या सोयीने शोधून काढलंय, असं तू म्हणशील. तसं असेलही.

आता फोन न उचलण्याचं कारण. खोके आमच्या बाल्कनीत होते. ऑगस्टच्या पावसात वरची ताडपत्री उडाली, दोन खोके भिजले. साठच्या दशकातले दिवाळी अंक, त्यांची वीट झालीय. पंख्याखाली वाळवले, पानांमध्ये कागद घातले. काही सुटले, बरेचसे नाहीत. बाकीचे खोके आता हॉलमध्ये आहेत, पाहुणे त्यांच्यावरच बसतात. घरभर डांबरगोळ्यांचा वास येतो.

तुला काय, तू बडोद्यात बसलीयस! सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, तुमच्या सेंट्रल लायब्ररीत उजेड खालपर्यंत जावा म्हणून काचेची जमीन केली, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. आमच्या पदरी एक ट्यूबलाइट. पण पेट्यांवरून सुचलं. ‘ग्रंथ तुमच्या दारी’ आपल्या नाशकातूनच सुरू झालं ना, पुस्तकांची पेटी आणि तिच्याभोवती वाचकांचा गट. भाऊंच्या कथा-कादंबऱ्या अशा पेट्यांतून इथल्या इमारतींत फिरवता येतील. दोनशे निवडक पुस्तकं एका कपाटात, कुलूप न लावता. संदर्भाचे जाड ग्रंथ कुणाला हवेत ते विचारत फिरते. वरची सहा कपाटं जातील, तिथे पोरं बसतील. तुझी हरकत नसेल तर अभ्यासिकेला भाऊंचं नाव देऊ.

तुझी हरकत असेल, हेही मला माहीत आहे.

नातीचे फोटो पाहिले. नाक तुझं आहे, बिचारीचं. सूनबाईंची बदली झाली का? सविस्तर कळव.

गुरुवारी सुतार माप घ्यायला येतोय. त्याच्या आत फोन कर. चिडून केलास तरी चालेल, या वेळी पहिल्या रिंगला उचलीन.

तुझी,
मंदा

ता. क. वाड्यातला माडीवरचा बाक तू कुणाला दिलास? विकला नसशील तर सांग, टेम्पो मी पाठवते.