वासाच्या रानातल्या आक्कांना

आक्का,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रानात आता पाहुणे येऊ लागलेत. कुणी रेणापूरहून येतं, कुणी तुळजापूरच्या बाजूनं. गवती चहाचे ठोंब बघतात, त्याचं तेल काढायच्या भट्टीचे फोटो काढतात आणि मग हमखास विचारतात, "ट्रेनिंग कुठं घेतलं?" आम्ही तुमच्याकडं बोट दाखवतो. त्यावर ते हसतात, तुम्हाला नमस्कार करतात आणि परत आमच्याकडं वळून तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात. रोजानं खुरपायला येणारी बाई शिकवते, हे त्यांना पटतच नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, तेव्हा आक्काच लिहिते.

आम्ही पुण्याहून औसा तालुक्यात आलो, तेव्हा फाटकावर 'लव्हेंडर फार्म' अशी पाटी होती आणि आत लव्हेंडरचं एकही झाड नव्हतं. अडीच एकर रान, त्यात वेडी बाभूळ, घाणेरी, छातीएवढं गाजर गवत, आणि वाकून गेलेल्या पत्र्याखाली एक गंजलेली भट्टी. आधीच्या मालकांनी हौसेनं काय काय लावलं होतं, ते तुम्हीच सांगितलंत. लव्हेंडरची रोपं थंडीत तगली, होळीनंतरच्या उन्हात मलूल झाली आणि मृगाच्या पावसात मुळाशी कुजून गेली. त्यात कुणाचाच दोष नव्हता. ते झाड मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या डोंगरउतारांवरचं. त्याला कडक हिवाळा हवा, निचऱ्याची जमीन हवी आणि दमट उकाडा अजिबात नको. जम्मूत डोडा जिल्ह्यातल्या भद्रवाहला आज लव्हेंडर डोलतंय, ते तिथल्या थंडीमुळं आणि सुगंधी पिकांच्या सरकारी अरोमा मिशनमध्ये शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांना दिलेल्या रोपांमुळं. आपल्या काळ्या रानानं चार महिने पाणी धरून ठेवायचं आणि वर चाळिशीपारचं ऊन, हे त्याला सोसणारं नाही. तुम्ही हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतंत, "त्ये थंडीचं लेकरू हाय, इथं आणून त्याचे हालच."

रान साफ करायचं म्हणून आम्ही जेसीबी ठरवला होता. भेटेल तो तेच सांगत होता. सगळं एकदा उकरून काढा, पालथं घाला, नव्यानं सुरुवात करा. गावातल्या जाणत्यांचंही हेच मत पडलं. तुम्ही त्या दिवशी शेजारच्या रानात हरभरा उपटायला आला होतात. बांधावरून हाक मारून विचारलंत, "मशीन कशाला बोलवायलीस बाई? आधी रान तर बघ की." मग पदर खोचून, हातात काठी घेऊन तुम्ही पुढं झालात.

त्या फेरीबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण आज इथं जे काही उभं आहे ते त्या फेरीतून आलंय. घाणेरीच्या जाळीत काठीनं आपटत आपटत तुम्ही आत शिरलात. जुन्या ठोंबात घोणस बसते, आपटल्याशिवाय हात घालायचा नाही, हा पहिला धडा तिथंच मिळाला. मग एक वाळलेलं पातं ओढून, चुरगळून माझ्या नाकाशी धरलंत. गवती चहा. वरून पार कडब्यासारखा दिसणारा ठोंब, पण बुडाशी हिरवा कोंब होता. चार पावलांवर दुसरा, मग तिसरा. तुम्ही मोजत नव्हतात, नुसत्या काठीनं दाखवत होतात आणि ओळ आपोआप उमटत गेली. तणाखाली अख्खी लागवड निजलेली होती. वरच्या मुरमाड पट्ट्यात तुम्ही कुसळीच्या तणातून रोशा, म्हणजे वासाच्या तेलाचं गवत, वेगळा काढून दाखवलात. मला दोन्ही गवतं सारखीच वाटत होती. तुम्ही म्हणालात, "डोळ्यानं न्हाई कळायचं, हातानं चोळ." चोळल्यावर गुलाबाच्या जवळ जाणारा तो वास आला आणि माझ्या सासूबाई लगेच म्हणाल्या, हे तर आमच्या आजीचं गुडघ्याला लावायचं रोशेल तेल!

याच तेलाला एके काळी मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे पार तुर्कस्तानापर्यंत गिऱ्हाईक होतं आणि तिकडं ते गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई, हे मी नंतर वाचलं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही फार खूश झालात. तो आनंद अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे.

शेवटी खालच्या बांधाला वाळा. त्याच्या मुळांना भाव चांगला मिळतो, हे आम्हाला ठाऊक होतं. तुम्ही मात्र हात आडवा धरलात. हा वाळा उकरायचा नाही, बांध त्याच्यावर उभा आहे. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या २०१६च्या उन्हाळ्यातसुद्धा तो जिवंत राहिला होता आणि पुढच्या पावसात बाजूचे बांध फुटले तरी हा हलला नाही, असं तुम्ही सांगितलंत. विकायचाच असेल तर वेगळा वाफा लावा, दीड वर्षानं तो उकरा, बांधाला हात लावू नका. आम्ही तसंच केलं. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, पुरुषभर उंचीच्याही खाली, हे पुस्तकात छापलेलं असतं. पण ती कुठल्या बांधाला राहू द्यायची, हे पुस्तक सांगत नाही.

जेसीबीवाल्याला आम्ही परत पाठवलं.

पुढं साफसफाई तुमच्याच पद्धतीनं झाली. गाजर गवत फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट. घाणेरी नुसती तोडायची नाही, कुदळीनं बुंधा काढायचा, नाहीतर पावसात दुप्पट फुटते. हराळी आणि कुंदा उन्हाळ्यात मुळ्या वर काढून तापू द्यायचा. बाभळीची खोडं भट्टीच्या सरपणाला रचली. तुमच्याबरोबर आलेल्या बायांनी ज्या नजरेनं ठोंब वाचवत वाचवत खुरपलं, तसं कुठल्याही यंत्रानं केलं नसतं. लाईट रात्री येते, ठिबकच्या नळ्या खारी कुरतडतात, रस्ता पावसात बंद होतो, हे सगळं इतर सगळ्यांसारखं आमच्याही वाट्याला आलं. त्याचं काही विशेष नाही.

पहिल्या पावसानंतर तुम्ही जुने ठोंब उपटून फोडायला लावलेत. एकेका ठोंबातून इतके फुटवे निघाले की विकतची रोपं घ्यावीच लागली नाहीत. कुठं काय लावायचं हेही तुम्हीच ठरवलंत. रोशा वर मुरमात, गवती चहा मधल्या उताराला, सखल कोपऱ्यात काहीच नाही, फक्त वाळा. आमच्या मनात तिथं जिरेनियम होतं, कारण मोबाइलवर सगळीकडं त्याचंच कौतुक चाललेलं असतं. तुम्ही आम्हाला तो कोपरा पाऊस झाल्यावर दाखवलात. दोन दिवसांनीही घोट्याइतकं पाणी होतं. जिरेनियमच्या मुळाला पाणी साचलेलं चालत नाही आणि शंभर किलो पाल्यामागं तेल निघतं ते जेमतेम शंभर-दोनशे ग्रॅम, म्हणजे एक ओळ मेली तरी हिशोब कोसळतो. सुगंधी पिकांत एकरी लाखोंचं उत्पन्न सांगणाऱ्या मंडळींनी हेही सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आणि गिऱ्हाईक आधी, लागण नंतर, हेही.

आता भट्टीची रात्र. हे मी लिहिलं नाही तर पत्र अपुरं राहील.

भट्टी दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीनं झाकणाचं पॅकिंग बदललं, नळी साफ केली आणि तो गेला. चालवायची कशी, ते तुम्हाला माहीत होतं, कारण आधीच्या मालकांच्या वेळी आग सांभाळायचं काम तुमच्याकडं होतं. तुम्ही गवत आदल्या दिवशी कापायला लावलंत, जमिनीपासून वीतभर सोडून, आणि सावलीत पसरून सुकवलंत. उन्हात टाकलं तर वास उडून जातो. मग तुम्ही स्वतः टाकीत उतरून ते तुडवलंत, थरावर थर, कडेनं जास्त. तेव्हा तुम्ही सांगितलेलं कारण मी आता प्रत्येकाला सांगते. गवत कुठं सैल राहिलं की वाफ तिथून वाट काढते आणि बाकीचं गवत कोरडंच राहतं. पहिली धार पडली तेव्हा आम्ही सगळे आनंदानं ओरडलो आणि तुम्ही मात्र नळीच्या तोंडाशी बोट धरून म्हणालात, "पाणी ऊन यायलंय, जाळ कमी करा." गार पाणी वाढवलं, दोन ओंडके बाहेर ओढले. नळीतून ऊन पाणी येत असेल तर तेल वाफेबरोबर निघून जातं. ते तुम्ही थर्मामीटरशिवाय, बोटानं ओळखत होतात. तीन तासांनी पाण्यावर पिवळसर तेलाची साय जमली. शंभर किलो गवताला अर्धा किलोच्या वर तेल उतरलं, म्हणजे जेवढं यायला हवं तेवढंच. ते काचेच्या बाटल्यांत भरून अंधाऱ्या खोलीत ठेवायला लावलंत. प्लॅस्टिकच्या कॅनला तुम्ही हातसुद्धा लावू दिला नाहीत. वाफवून निघालेलं गवत वाळवून पुढच्या खेपेला जाळायला आणि उरलेलं ओळींत आच्छादनाला. रानातलं काही वाया गेलं नाही.

त्या रात्री माझी मुलगी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती आणि अंगाला, केसांना सगळ्यांच्याच गवती चहाचा वास होता. गावात आपलं कुणी आहे, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

आक्का, येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येच्या रानातल्या सणाला, तुम्ही आम्हाला जे दिलंत त्याबद्दल तर आभार कसे मानावेत तेच कळत नाही. नवीन माणसं म्हणून आम्ही गप्प बसून होतो. तुम्ही सकाळी डोक्यावर आंबिलाचं बिंदगं घेऊन आलात, मागं तुमची सून भज्जी आणि उंडे घेऊन. कडब्याची कोप तुम्ही बांधलीत, पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवलेत, आणि ओलग्या ओलग्या करत रानाला फेरी घालायला आमच्या ह्यांना पुढं केलंत. संध्याकाळपर्यंत शेजारच्या चार रानांतून आम्हाला जेवायची बोलावणी आली होती. त्यानंतर गावात आम्हाला कुणी 'पुण्यावाले' म्हटलं नाही.

एक गोष्ट मात्र मला सलते आणि ती उघड लिहायची आहे. रानात बाईची हजेरी, म्हणजे रोजाची मजुरी, गड्यापेक्षा कमी लावायची, अशी आपल्याकडं रीत आहे. तुमच्या नावावर सातबारा नाही, कुठल्या प्रशिक्षणाचा कागद नाही, म्हणून तुमच्याकडं जे आहे त्याला कुणी ज्ञान म्हणत नाही. पाहुणे तुमच्या हातचा चहा पितात आणि प्रश्न आम्हाला विचारतात. मला हे चालणार नाही. या वर्षीपासून आपल्या रानात गड्याला आणि बाईला हजेरी सारखी, हे ठरलंय. तुमची हजेरी वेगळी आणि भट्टी चालवण्याचे पैसे वेगळे. शिवाय प्रत्येक खेपेला निघणाऱ्या तेलातला दहावा हिस्सा तुमचा. तुम्ही दोनदा नको म्हणालात, मी तिसऱ्यांदा विचारणार नाही. वहीत लिहून टाकलंय, तुमच्या सुनेनं वाचून बघावं. पाहुण्यांना रान दाखवायचं कामही यापुढं तुमचंच. मी मागं उभी राहीन.

फाटकावरची लव्हेंडरची पाटी उतरवलीय. नवीन पाटीवर काय लिहायचं ते तुम्ही सांगा, ह्यांना काही सुचत नाहीये.

आणि तुमच्या भावाच्या बरड रानासाठी तुम्ही रोशाचं बी मागितलं होतंत. यंदा फुलोऱ्याच्या दोन ओळी मी कापू दिल्या नाहीत, बी धरायला राखल्या. झोडपून, वाळवून कापडी पिशवीत बांधून ठेवलंय. बी फार बारीक आहे, तेव्हा पेरताना राखेत नाहीतर बारीक मातीत मिसळायला सांगा आणि वरून माती जास्त ओढू नका म्हणावं, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. जमलं तर गुरुवारच्या आत घेऊन जा. नाहीतर मी संध्याकाळी घरी आणून देते, तेवढंच तुमच्या नातवाला भेटणं होईल.

तुमची,
खालच्या रानातली पोरगी