अठरा ऑगस्टच्या भाषणाआधी

पुणे, जुलैअखेर

ती. आई व ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, अठरा ऑगस्टला विजयदुर्ग किल्ल्यावरच्या कार्यक्रमात मी बोलणार, हे तुम्ही मला न विचारताच कबूल करून टाकलंत. फोनवर मी नुसतं 'बघू' म्हटलं, कारण फोनवर तुमच्याशी वाद घालता येत नाही. एक तर रेंज जाते, नाहीतर तुम्ही फोन आईच्या हातात देता. म्हणून कागदावर लिहिते.

येते मी. पण 'लॉकियरसाहेबाने विजयदुर्गावरून हेलियम शोधला' हे वाक्य माझ्या तोंडून येणार नाही.

१८ ऑगस्ट १८६८चं खग्रास सूर्यग्रहण आपल्यावरूनच गेलं, यात शंका नाही. सावलीचा पट्टा आपल्या किनाऱ्यावर चढला आणि जमखंडी, विजापूर करत गुंटूर-मछलीपट्टणमला पोचला. गुंटूरला जान्सेन नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ यंत्रं लावून बसला होता. लॉकियर हा इंग्रज शास्त्रज्ञ मात्र त्या दिवशी इंग्लंडात होता. त्याने मागवलेलं वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र, त्याच्या हाती पडलं तेच ऑक्टोबरात. २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, त्याने सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश त्यातून पाहिला आणि त्यात एक पिवळी रेघ सापडली.

ही रेघ ग्रहणाच्या दिवशीही काहींना दिसली होती, पण ती सोडियमचीच असणार असं त्यांनी धरलं. सोडियमच्या दोन पिवळ्या रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात, ही होती ५८७.६वर. एवढ्याशा फरकावर लॉकियर अडून बसला. पृथ्वीवर कुठल्याच माहीत असलेल्या पदार्थाशी ती जुळेना. शेवटी १८९५ मध्ये रॅम्झे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने युरेनियमच्या एका खनिजातून निघालेला वायू तपासला, तेव्हा तीच रेघ त्याच्यासमोर आली. तोच हा हेलियम. मधे २७ वर्षं गेली. वाडीतलं कुणी 'चेडवाचा शिकणा अजून संपूक नाय काय?' असं विचारलं, की त्यांना हा आकडा सांगत जा.

किल्ल्यावरच्या ज्या चौथऱ्यांना आपण साहेबाचे ओटे म्हणतो, त्यांवर ग्रहणाच्या दिवशी कुणीतरी गोरा दुर्बीण लावून बसला असेलही. मी नाही म्हणत नाही. पण तो लॉकियर नव्हता. इथे आमचं पहिलं वर्ष याच एका प्रश्नात गेलं : 'हे तुला कशावरून कळलं?' गाईडसमोर आलेख ठेवला की पहिला सवाल हाच. रोज तो ऐकायचा आणि गावी येऊन पोरांसमोर ऐकीव गोष्ट ठोकून द्यायची, हे मला जमायचं नाही.

आई, तू विचारलंस की पावसात आकाश दिसत नाही, मग तुम्ही करता काय. अगं, आम्ही बघतच नाही, ऐकतो म्हटलं तरी चालेल. नारायणगावजवळ खोडदला आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश आहेत, एकेक ४५ मीटर व्यासाची. चौदा एका जागी, बाकीच्या सोळा तीन दिशांना शेतांमधून लांबवर पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. रेडिओ लहरींना ढगांचं काही वाटत नाही, दिवस-रात्रही सारखीच. आम्हाला छळतात ते मोबाइलचे टॉवर आणि ठिणग्या उडणाऱ्या विजेच्या तारा.

माझं काम पल्सारचं. मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा गाभा, शहराएवढा, गरगर फिरणारा. वेला नक्षत्रातला एक सेकंदाला अकरा वेळा फिरतो. त्याचा एकेक ठोका खणखणीत असतो, पण माझ्या वाट्याला आलेले क्षीण आहेत. आलेल्या आकड्यांत नुसती खरखर असते. मग पल्सारच्या एका फेरीला जेवढा वेळ लागतो तेवढ्या-तेवढ्या वेळाचे तुकडे पाडायचे आणि हजारो तुकडे एकावर एक ठेवून बेरीज करत जायची. खरखर आपापसात बुजत जाते आणि एका जागी टोक वर येतं. पागोळ्या गळत असताना त्यातलाच एक ठरावीक थेंब तुला ऐकू येतो ना, तसं. पहिल्यांदा ते टोक स्क्रीनवर उठताना पाहिलं तेव्हा मी जेवायची विसरले होते. हे वाचून रागावू नकोस.

पैशांची काळजी करू नका. फेलोशिपचे महिन्याला ३७ हजार येतात, हॉस्टेल-मेस भागून उरतात. त्यातून थोडे पाठवते, आंब्याच्या कलमांना मोहोरासाठीचं कल्टार औषध घालायला यंदा गडी लावा. बाबा, गुडघे धरून तुम्ही आळी खणत बसू नका.

आता भाषणाचं. मंडळाच्या अध्यक्षांना तुम्हीच आधी सांगून ठेवा, म्हणजे व्यासपीठावर कुणाचा चेहरा पडायला नको. लॉकियरच्या जागी मी पोरांकडून जुन्या सीडीचं वर्णपटदर्शक करून घेणार आहे. खोक्याला ब्लेडने बारीक फट पाडायची, आत सीडीचा तुकडा तिरका बसवायचा. मग ज्योतीवर मीठ टाकलं की सोडियमचा पिवळा त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. अडगळीतल्या सीड्या टाकून देऊ नका. आई, मूठभर मीठ आणि ती छोटी गॅसची शेगडी काढून ठेव. किल्ल्यावर वारा फार, ज्योत टिकणार नाही. तेव्हा हा भाग शाळेच्या खोलीत, खिडक्या लावून करू द्या, एवढं मंडळाकडून कबूल करून घ्या.

तुमची,
बाय