आधी उपचार, पण बिल कुणाच्या नावे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तातडीच्या उपचारांवर आपल्या पत्रांच्या सदरात गेले काही दिवस बरंच लिहून येत आहे. बहुतेक पत्रांचा सूर एकच: परदेशात कुणाला दारातून परत पाठवत नाहीत, तिथे कायदाच तसा आहे. मी 31 वर्षं परिचारिका होते, त्यातली 12 वर्षं कॅज्युअल्टीत काढली. निवृत्त झाल्यापासून निरनिराळ्या देशांत ही व्यवस्था कशी चालते हे वाचण्याचा नाद लागला आहे. त्यावरून सांगते, नकार देऊ नका असं सांगणारा कायदा पुष्कळ देशांत आहे. तो कितपत पाळला जातो हे बऱ्याच अंशी एकाच गोष्टीवर ठरतं. रुग्णाकडे पैसे नसले तर रुग्णालयाला ते कुणी द्यायचे, हे आधी ठरलेलं आहे की नाही?

हा प्रश्न मला वाचनातून पडलेला नाही. एका खासगी रुग्णालयात मी रात्रपाळीला होते. पन्नाशीचे एक गृहस्थ आले, छातीत कळ, दरदरून घाम. मी ईसीजीचं मशीन ओढत आणलं, तोवर काउंटरवरून निरोप आला की डिपॉझिट भरल्याशिवाय केसपेपर निघणार नाही. त्यांचा मुलगा दाराशी उभा राहून एकेकाला फोन करून पैसे मागत होता आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. 22 मिनिटं गेली. ते वाचले, पण हृदयाचा जेवढा स्नायू तेवढ्या वेळात मेला तो कायमचाच गेला. काउंटरवरचा पोरगा दुष्ट नव्हता हो. वसुली झाली नाही की सकाळी त्यालाच जाब विचारला जायचा.

सगळ्यात जास्त दाखले अमेरिकेचे दिले गेले, म्हणून तिथूनच सुरुवात करते. 1980 च्या दशकात तिथली खासगी रुग्णालयं विमा नसलेल्या रुग्णाला सरळ सरकारी रुग्णालयाकडे धाडत. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात असे रुग्ण इतके येऊन पडू लागले की तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या नोंदी ठेवून त्या वैद्यकीय नियतकालिकात छापल्या. या प्रकाराला नावच पडलं, 'पेशंट डंपिंग'. त्यावर 1986 मध्ये 'एम्टाला' नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी मेडिकेअर योजनेचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात जो कुणी येईल त्याला तपासायचं, त्याची प्रकृती स्थिर करायची, कळा सुरू झालेल्या बाईला बाहेर काढायचं नाही. विम्याची चौकशी करण्यासाठी यातलं काहीही अडवून ठेवायचं नाही. कायदा उत्तमच आहे. पण या कामाचे पैसे कुठून येणार, हे त्यात लिहिलेलं नाही. प्रकृती स्थिर झाली की कायद्याने घातलेलं बंधन सुटतं आणि बिल रुग्णाच्या पत्त्यावर जातं. विमा असूनही अंगावर येणाऱ्या अनपेक्षित बिलांना 2022 पासून तिथे आळा घातला गेला. त्यात हवाई रुग्णवाहिका धरली, रस्त्यावरून धावणारी रुग्णवाहिका मात्र सुटली. म्हणून छातीत दुखत असताना 911 हा तिथला तातडीच्या मदतीचा नंबर न फिरवता टॅक्सी बोलावणारी माणसं त्या देशात आहेत. हाही नकारच, फक्त तो रुग्णाने आपणच स्वतःला दिलेला.

रुग्णवाहिकेचं हे दुखणं एकट्या अमेरिकेचं नाही. कॅनडात डॉक्टर आणि रुग्णालय यांची हमी 1984 च्या कायद्याने दिली आहे, पण घरापासून रुग्णालयापर्यंतचा प्रवास त्या हमीत बसत नाही आणि बऱ्याच प्रांतांत त्याचं बिल येतं. ऑस्ट्रेलियाची मेडिकेअर योजनाही रुग्णवाहिकेचे पैसे देत नाही. क्वीन्सलँड आणि टास्मानियाच्या रहिवाशांचा भार ती राज्यं उचलतात. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये विमा किंवा सवलतीचं कार्ड नसेल तर पैसे भरावे लागतात. एकाच देशात, सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे.

आता थायलंड. हा दाखला एकाही पत्रात आला नाही, आणि मला तर तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे सरकारी नोकरांची योजना वेगळी, खासगी नोकरदारांची वेगळी, बाकीच्या जनतेची वेगळी, आणि प्रत्येकाचं रुग्णालय ठरलेलं. पण झटका काही ठरलेल्या रुग्णालयाच्या फाटकासमोर येत नाही. 2017 मध्ये त्यांनी नियम केला: जिवावर बेतलेल्या रुग्णाला जवळ असेल त्या रुग्णालयात न्यायचं, खासगी असलं तरी. पहिले 72 तास रुग्णाकडून किंवा नातेवाइकांकडून पैसे घ्यायचे नाहीत. रुग्णालयाला पैसे त्या रुग्णाच्या योजनेच्या निधीतून, आधी ठरवलेल्या दराने मिळतात, आणि नंतर त्याला त्याच्या ठरलेल्या रुग्णालयात हलवतात. माझ्या त्या काउंटरवरच्या पोराला असा नियम मिळाला असता तर त्याने डिपॉझिट मागितलं नसतं. मागायचं कारणच उरलं नसतं.

उणीव याही योजनेत आहे, आणि ती लहान नाही. तपासणीत रुग्ण सर्वांत गंभीर, म्हणजे 'लाल' गटात बसला तरच ही सोय मिळते, नाहीतर खासगी रुग्णालयाचं बिल घरच्यांवर. आता छातीतली जळजळ पित्ताची की हृदयाची हे ईसीजी काढल्याशिवाय, कधीकधी रक्त तपासल्याशिवाय मलासुद्धा सांगता यायचं नाही. घरच्यांनी ते कसं ओळखायचं? इथे मला अमेरिकेचा एक नियम पटतो. विमा कंपनीने शेवटी निदान काय निघालं ते पाहायचं नाही. त्या लक्षणांवरून साधारण समज असलेल्या माणसाला जिवाची भीती वाटली असती का, एवढंच पाहायचं. थायलंडचा निधी आणि अमेरिकेची ही मोजपट्टी, दोन्ही एकत्र असलेली योजना मला पाहायची आहे.

पैशाने सगळं भागतं असं म्हणणं नाही. ब्रिटनमध्ये अपघात व तातडीच्या विभागातले उपचार कुणालाही मोफत आहेत, परदेशी पाहुण्यालासुद्धा. (भरती करून घेतल्यावर पाहुण्याला बिल येऊ शकतं.) पण चार तासांच्या आत 95 टक्के रुग्णांचा निर्णय लागलाच पाहिजे हे त्यांचं उद्दिष्ट इंग्लंडमध्ये 2015 नंतर गाठलं गेलेलं नाही. बेड रिकामे होत नाहीत, म्हणून आत जागा नाही, म्हणून रुग्णवाहिका दाराशी खोळंबून राहतात. जपानमध्ये 119 ची रुग्णवाहिका फुकट येते. पण रुग्ण आत घेतल्यावर रुग्णालयाचा शोध सुरू होतो आणि एकामागून एक रुग्णालय सांगत जातं की तज्ज्ञ नाही, बेड नाही. 2006 मध्ये नारा प्रांतात अशा नकारांच्या फेऱ्यात एका बाळंतिणीचा जीव गेला आणि देश हादरला. 2024 मध्ये शिकाऊ डॉक्टरांनी काम सोडलं तेव्हा दक्षिण कोरियातही रुग्ण असेच फिरत राहिले. तिथे कुणी डिपॉझिट मागितलं नव्हतं. माणसंच नव्हती.

तरीही गरीब रुग्ण जिथे अडतो तिथे तो बहुतेक वेळा पैशापाशी किंवा कागदापाशी अडतो. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेतच, कलम 27 मध्ये, तातडीचे वैद्यकीय उपचार कुणालाही नाकारता येणार नाहीत असं वाक्य आहे. केनियाच्या 2010 च्या घटनेतही आहे. नायजेरियात गोळी लागलेल्या माणसाला पोलिसांचा कागद आणल्याशिवाय रुग्णालयं हात लावत नसत. 2017 मध्ये तिथे कायदाच करावा लागला: पोलिसांची परवानगी असो वा नसो, आगाऊ पैसे भरलेले असोत वा नसोत, उपचार करा.

भारतातही नेमकं हेच घडलं होतं. मोटारीने उडवलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयात नेलं, तर पोलीस केस इथे घेत नाही, 20 किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या, असं सांगितलं गेलं. वाटेतच तो गेला. 1989 मध्ये परमानंद कटारा यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की आधी जीव वाचवा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. 1996 मध्ये, रेल्वेतून पडलेल्या एका मजुराला कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयांनी एकापाठोपाठ एक परत पाठवल्याच्या खटल्यात, तातडीचे उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे असं न्यायालय म्हणालं. हे सगळं खरं, पण पैसे कुणी द्यायचे? त्याचं उत्तर 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत आलं आणि प्रत्यक्ष योजना मे 2025 मध्ये. रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळावेत अशी ती आहे. 1989 पासून मोजलं तर 36 वर्षं होतात. आणि ती फक्त रस्ते अपघातांपुरती. मेंदूत गुठळी झालेल्या माणसाला ती विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याच्यासाठी अजूनही कार्ड, पात्रता आणि यादीतलं रुग्णालय हे सगळं आधी जुळून यावं लागतं. हृदयविकार, पक्षाघात, सर्पदंश, अडलेलं बाळंतपण, या सगळ्यांसाठी पहिल्या 72 तासांचा खर्च उचलणारा निधी हवा, आणि रुग्णालयांना त्यातून वेळेवर पैसे मिळायला हवेत. पैसे अडकले की काउंटर पुन्हा पहिल्यासारखं बोलू लागतं, हे मी पाहिलेलं आहे.

हे पत्र आपल्याला लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. कटारा यांनी न्यायालयात जी याचिका केली, तिच्या मुळाशी त्या स्कूटरस्वाराबद्दलची वर्तमानपत्रातली एक बातमी होती. आपल्या वाचकांपैकी कितीतरी जण कधी ना कधी रुग्णाला घेऊन कॅज्युअल्टीत धावले असतील. दारात पाऊल ठेवल्यापासून डॉक्टरांचा हात रुग्णाला लागेपर्यंत किती मिनिटं गेली आणि त्या वेळात पहिला प्रश्न कोणता विचारला गेला, एवढ्या दोनच गोष्टी त्यांच्याकडून मागवून आपण त्या छापाव्यात, अशी विनंती आहे. माझी नोंद वर दिलीच आहे: 22 मिनिटं, डिपॉझिट.

आपली,
एक निवृत्त परिचारिका