आमच्या दवाखान्यातल्या भाईंना

आदरणीय भाई,

समोर आभार मानायला गेलं की तुम्हाला नेमकं ऑटोक्लेव्हचं, म्हणजे अवजारं वाफेने निर्जंतुक करायच्या भांड्याचं, पाणी बघायचं असतं. निवृत्तीच्या दिवशीही तेच केलंत. म्हणून आता लिहून, आणि चारचौघांत. तुमचा नातू हे फोनवर वाचून दाखवेल, तेव्हा मध्येच उठू नका.

उघड लिहायला आणखी एक कारण आहे. जनावरांच्या दवाखान्यात दारावर डॉक्टरांचं नाव असतं, आणि बरं झालेलं कुत्रं घरी नेताना लोक डॉक्टरांचेच हात धरतात. त्यात काही चूक नाही. पण रात्रभर त्या कुत्र्यापाशी कोण बसलं, सुई जाताना त्याला कुणी धरलं, त्याची उलटी कुणी पुसली आणि पुसण्याआधी तिचा रंग वहीत कुणी लिहिला, हे कोणी विचारत नाही. इथे गोव्यात, फोंड्याला, तुम्हाला सगळे कंपाउंडर म्हणायचे. मी जे काही शिकले ते या कंपाउंडरकडे शिकले, आणि हे लोकांना ठाऊक असावं असं मला वाटतं.

आठवतं ना, मी कशी आले ते? बारावी सायन्स झालेली, डोक्यात जनावरांचं काम. पशुवैद्यक व्हायचं तर आपल्याकडची मुलं मुंबईला किंवा शिरवळला जातात. माझे नीटचे मार्क तेवढे नव्हते, घरची ऐपतही नव्हती. त्याआधी एका ठिकाणी 'शिकायला घ्याल का' म्हणून विचारलं, तर त्यांनी हातात झाडू दिला आणि पगाराचं नंतर बघू म्हणाले. तुम्हीही पहिल्या दिवशी झाडूच दिलात, पण सोबत जंतू मारायच्या सोडियम हायपोक्लोराइटचा कॅन दिलात आणि एका भागाला तीस भाग पाणी कशासाठी ते सांगितलंत. शिवाय 'शिकते म्हणून फुकट राबवायचं नाही' हे डॉक्टर मॅडमना माझ्यासमोरच ऐकवलंत. त्यांनीही लगेच मान्य केलं, हा त्यांचा मोठेपणा.

बाबांचा मात्र विरोध होता. आमच्याकडे कामधेनू योजनेतून घेतलेल्या जर्सी गाई, सकाळ-संध्याकाळ दूध सोसायटीत. गुरांचं काम आम्हाला नवं नव्हतं, पण कुत्र्यामांजरांची घाण काढायला पोरीने वाळपईहून बसने फोंड्याला जायचं, हे काही त्यांना पटेना. तुम्ही रविवारी घरी आलात त्या दिवशी नेमकी एक गाय आदल्या रात्री व्यालेली आणि वार, म्हणजे वासरामागून पडायची झिल्ली, पडलेली नव्हती. शेजारचे आजोबा वारेला दगड बांधायला निघाले होते. बाबांनी तुम्हाला सरळ सांगितलं, 'दवाखान्यातले ना तुम्ही? मग हात घालून काढा की.' तुम्ही काढली नाहीत. दगड बांधू दिला नाही, ओढू दिलं नाही. गाईचा ताप घेतलात, ती चारा खाते का ते विचारलंत, आणि वाळपईच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावलात. 'ते डॉक्टरांचं काम' एवढंच म्हणालात.

बाबा त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. रात्री आईला म्हणाले, 'जो माणूस काम येत असूनही हात घालत नाही, त्याच्याकडे पोर पाठवायला हरकत नाही.' हे मी तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

कायद्यात काय लिहिलंय ते मी पुढे वाचलं. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 सालचा. त्याच्या कलम 30 प्रमाणे जनावरांवर उपचार नोंदणी झालेल्या पशुवैद्यकानेच करायचे. ठरावीक पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना राज्य सरकारच्या आदेशाने किरकोळ सेवा देता येते, तीही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. कलमाचा आकडा तुम्हाला ठाऊक नसेल, पण रेघ कुठे आहे ते पक्कं ठाऊक होतं. रोग ओळखणं, औषध आणि डोस ठरवणं, कापणं हे डॉक्टरांचं. बाकीचं आपलं. 'आणि बाकीचं पुष्कळ आहे बाय,' असं तुम्ही वर म्हणायचात.

खरंच पुष्कळ होतं. तुम्ही पहिले कितीतरी दिवस मला कुठल्याच जनावराला हात लावू दिला नाहीत. एक कारण रेबीजची लस. ती आधी घ्यायची, तिसरा डोस तीन-चार आठवड्यांनी, आणि तोवर कुत्र्याच्या तोंडाजवळ जायचं नाही. गोव्यात 2014 पासून मिशन रेबीज या संस्थेची माणसं जाळी घेऊन गावोगाव कुत्र्यांना लस टोचत फिरतात, त्याचा फायदा सगळ्यांनी पाहिला आहे. तरी तुम्ही म्हणायचात की आटोक्यात आलं म्हणून आपण सैल सोडलं तर ते परत यायला वेळ लागणार नाही. माझ्यानंतर आलेल्या प्रत्येकाला मी हाच नियम लावते. शिव्याही खाते.

दुसरं कारण, 'पयलीं पळय, मागीर हात लाय.' म्हणजे आधी बघ, मग हात लाव. पिंजऱ्यापासून चार पावलांवर उभं राहून अर्धं मिनिट श्वास मोजायचे आणि दुप्पट करायचे, कारण हात लावला की कुत्रं धापा टाकायला लागतं आणि मग तो आकडा काही कामाचा नसतो. कान, डोळे, पोट, बसायची ढब. त्यानंतर हिरडी बोटाने दाबून सोडायची, दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परतला पाहिजे. काळ्या हिरडीच्या कुत्र्याची खालची पापणी ओढून बघायची. शेवटी थर्मामीटर. 101 ते 102.5 फॅरनहाइट हे कुत्र्याचं ठीक, हे सांगून, अंगात ताप आहे म्हणून घाबरणाऱ्या मालकांना तुम्ही किती वेळा शांत केलंत!

धरायला शिकवलंत ते तर कुठल्या पुस्तकात सापडेल असं वाटत नाही. एक हात गळ्याखालून, कुत्र्याचं डोकं आपल्या खांद्याशी, दुसरा हात कोपरामागून, अंगठ्याने शीर दाबून किंचित बाहेर वळवायची. शिरेत घातलेल्या नळीत, कॅन्युलात, रक्त दिसलं की अंगठा सैल करायचा, पण टेप लागेपर्यंत हात सोडायचा नाही. मांजराला टॉवेल. मानगूट धरून लटकवणाऱ्याला तुम्ही बाहेर काढायचात, मालक असला तरी. मालकांचं निघालं म्हणून सांगते: आजही महिन्यातून कुणीतरी मांजराला घरची क्रोसिन देऊन घेऊन येतं. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे हे औषधाच्या दुकानांत पाटी लावून सांगायला हवं.

पण मला हे काम खऱ्या अर्थाने कळलं ते पार्व्होच्या, म्हणजे कुत्र्यांच्या त्या विषाणूच्या साथीच्या, दिवसांत. त्या पावसाळ्यात पिल्लांची रांग लागली होती. रक्ताची हगवण, उलट्या, आणि तो वास, जो एकदा नाकात बसला की जेवतानाही जात नाही. तुम्ही मागची खोली वेगळी केलीत, त्या खोलीच्या चपला वेगळ्या, झगा वेगळा, फडकी वेगळी. हा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने तग धरतो, साध्या फिनेलने मरत नाही. ड्रिप कशी मोजायची तेही तिथेच शिकले. साध्या सेटला वीस थेंबांचा एक मिली, लहान पिल्लांच्या मायक्रोड्रिपला साठ थेंबांचा. म्हणजे मायक्रोड्रिपवर तासाला जितके मिली द्यायचे तितकेच मिनिटाला थेंब. हिशेब इतका सोपा करून दिलात की पहाटे तीनला झोपेतही चुकत नाही.

आणि ती लांब वही. वेळ, ताप, हिरडीचा रंग, उलटी किती वेळा, लघवी झाली की नाही, सकाळचं वजन. मॅडम आल्या की पेशंटआधी वही बघायच्या, आणि वहीवरून सलाईन बदलायच्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण मदत करत नाही, आपण उपचारातलाच एक भाग आहोत. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळूनच ठेवायची, दर थोड्या वेळाने पिल्लाची कूस बदलायची, मागचा भाग धुऊन कोरडा करायचा. एका रात्री तुम्ही पलीकडच्या खोलीत डबा उघडलात आणि दोन दिवस मान न उचललेल्या काळ्या पिल्लाचं नाक बांगड्याच्या हुमणाच्या, म्हणजे कालवणाच्या, वासाला हललं. मी नुसतीच बघत राहिले. तुम्ही मात्र हात धुतलेत, वहीत वेळ लिहिलीत आणि मॅडमना फोन केलात, खायला थोडं सुरू करू का म्हणून. हुमण अर्थातच मिळालं नाही त्याला. उकडलेल्या कोंबडीचं पातळ पाणी मिळालं.

माझी शाळेतली मैत्रीण पोर्तुगीज पासपोर्टवर घरच्यांबरोबर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेली. ती तिथे याच कामाची अप्रेंटिसशिप करते. आठवड्यातला एक दिवस कॉलेज, बाकी दवाखान्यात पगारावर. 1800 तास प्रत्यक्ष काम, प्रत्येक कौशल्याची नोंद, त्यावर सही करायला दवाखान्यातलाच एक अनुभवी माणूस नेमलेला, शेवटी टेबलाटेबलावर हात चालवून दाखवायची परीक्षा. मग पशुवैद्यकांच्या रॉयल कॉलेजच्या नोंदवहीत नाव. पास झाली की डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती छोटी शस्त्रक्रियाही करू शकेल, पोट-छाती उघडायची नाही एवढी मर्यादा पाळून. तिने तिची यादी पाठवली आणि मी ती खालपर्यंत वाचली. बहुतेक सगळं तुम्ही मला शिकवलेलं होतं. भुलीखालच्या जनावराचे डोळे केटामाइनने उघडे राहतात म्हणून त्यांत मलम घालायचं, हेसुद्धा.

त्यांच्याकडे हे प्रशिक्षण 1961 साली सुरू झालं. आपला शिकाऊ उमेदवार कायदाही 1961 चा. आणि तुम्ही तर स्वतःला गोव्याच्या 'मुक्तीच्या सालचा', म्हणजे त्याच सालचा, म्हणवता! त्या कायद्याखाली मला कोणी घेतलं नव्हतं. मी तुमच्या कायद्याखाली होते, आणि तो बराच कडक होता. तरी मनात येतं की तुमच्यासारख्यांची नोंद करणारी वही आपल्याकडे का नसावी? पोरं-पोरी मला विचारतात, हे शिकायला कुठे जायचं. पशुवैद्यक व्हायचं असेल तर वाट सांगता येते. माझ्यासारखं व्हायचं असेल तर एखादे भाई शोधा, एवढंच सांगता येतं, आणि हे उत्तर काही बरं नाही.

बाकी इकडचं ठीक. यंदा दिवाळीत नरकासुराच्या रात्री कुत्री घाबरून पळतील, त्यांच्या गळ्यात फोन नंबर घाला म्हणून आम्ही आधीपासूनच सांगायला घेतलंय. नवी मुलगी आली आहे, उसगावची, हात हलका आहे. पण मांजरांचे पिंजरे कुत्र्यांच्या समोरून हलवायचे की मध्ये पडदा लावायचा, यावर मॅडमचं आणि माझं जमत नाही. मी हलवा म्हणते, त्या जागा कुठे आहे म्हणतात. गणपतीची चवथ झाली की एकदा या आणि काय ते ठरवून द्या. माझ्या बाजूने बोललात तर बांगड्याचं हुमण माझ्याकडून.

तुमची,
वाळपईची बाय