फोटोची पाठही जपा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१६ डिसेंबरचा विजय दिन जवळ आला की सोलापुरात, तसेच बार्शी, माढा, सांगोल्याकडेही, १९६५ आणि १९७१च्या युद्धातले फोटो ट्रंकांतून बाहेर निघतात. कोणाला शाळेत लावायचे असतात, कोणाला चौकातल्या फलकावर छापायचे असतात. फोटो लोकांसमोर येतात याचा आम्हांला आनंदच आहे. पण याच धांदलीत त्यांचे कायमचे नुकसान होते, म्हणून हे पत्र.

पहिली विनंती अशी की मूळ फोटो लॅमिनेट करू नका. त्या काळातला कृष्णधवल फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात चांदीचे सूक्ष्म कण. लॅमिनेशनच्या उष्णतेने प्लास्टिक या थराला असे चिकटते की पुढे ते सोडवता येत नाही. मिरवायला हवा असेल तर कॉपी काढून ती लॅमिनेट करा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. फोटो पाकिटातून काढला की पाकीट टाकून देतात, आणि तिथेच अर्धी माहिती जाते. सैनिकाच्या पत्त्यात ‘५६ एपीओ’ असेल तर ते टपाल दिल्लीच्या लष्करी टपाल केंद्रामार्फत, म्हणजे साधारणपणे पश्चिम आघाडीकडे जाणारे. ‘९९ एपीओ’ असेल तर कोलकात्याच्या केंद्राचे, म्हणजे पूर्वेकडचे. घरात पदके असतील तर तीही पाहा. ‘पूर्वी स्टार’ आणि ‘पश्चिमी स्टार’ ही १९७१ची पदके कोणत्या आघाडीवरची ते नावातच सांगतात. ‘समर सेवा स्टार’ १९६५चे. पाकीट, फोटो आणि पदकांची नोंद एकत्र राहिली तर पन्नास वर्षांनंतरही जागा आणि काळ बराचसा ठरवता येतो. एकटा फोटो मात्र फसवतो.

फसगत कशी होते पाहा. मोडका पाकिस्तानी पॅटन रणगाडा दिसला की लोक खाली ‘खेमकरण, १९६५’ लिहून मोकळे होतात. पण पॅटन १९७१ मध्ये पश्चिम आघाडीवरच्या शकरगढ भागातही होते. पूर्वेकडे पाकिस्तानचे बहुतेक रणगाडे हलके शॅफी जातीचे होते. जवानांच्या अंगात लोकरी जर्सी असेल तर सप्टेंबर १९६५ पेक्षा डिसेंबर १९७१ची शक्यता अधिक. पण बनियनवरचा, रणरणत्या उन्हातला फोटोही १९७१च्या मोहिमेशी जोडलेला असू शकतो. पश्चिमेकडे जिंकलेल्या भागात आपले सैन्य १९७२च्या अखेरपर्यंत होते, आणि सुमारे ९३ हजार युद्धकैद्यांच्या छावण्यांवरचा पहारा त्यानंतरही चालू राहिला. म्हणून खात्री नसेल तिथे ‘बहुधा’ हा शब्द लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही.

चुकीच्या ओळखीचा फोटो किती लांब जातो याचा नमुना त्याच युद्धात आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) टांगाईलला २ पॅरा ही बटालियन हवाई छत्रीने उतरली. ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीचीच बटालियन. वृत्तपत्रांकडे गेलेला फोटो मात्र आग्र्याच्या जुन्या सरावातला होता. त्यातल्या छत्र्या पाहून अख्खी ब्रिगेड (अनेक बटालियनांची तुकडी) उतरल्याचा समज पसरला. तेव्हा त्याचा आपल्याला फायदा झाला, पण आज घराघरांतल्या फोटोंना तसे चुकीचे मथळे चिकटू नयेत.

ढाक्यातल्या शरणागतीच्या सहीचा फोटो अनेक घरांत सापडतो. तो खरा फोटो आहे की छापील चित्र, हे भिंगातून कळते. छापील चित्रात बारीक ठिपके दिसतात, खऱ्या फोटोत ते नसतात.

आता आपल्या हवामानाविषयी. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की जिलेटिन सुकते आणि फोटोची गुंडाळी होते. ती हाताने सरळ केली की थराला आडव्या भेगा पडतात. पावसाळ्यात उलटे होते. थर ओलावा शोषतो, मऊ होतो आणि फ्रेमच्या काचेला चिकटतो. चिकटलेला फोटो ओढू नका, पाणी तर मुळीच लावू नका. काचेसकटच स्कॅन करा आणि काचेसकटच ठेवा. पत्र्याखालचा माळा आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत, या दोन्ही जागा टाळा. आतल्या खोलीतले लोखंडी कपाट, मधला कप्पा, हे उत्तम. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. टाचणी, सेलोटेप, वर्तमानपत्राची कात्रणे आणि डांबरगोळ्याही फोटोलगत नकोत. पीव्हीसीच्या चकचकीत पाकिटांऐवजी अ‍ॅसिडमुक्त कागदाची किंवा पॉलिस्टरची पाकिटे घ्या. कडेच्या काळ्या भागावर आरशासारखी निळसर झाक दिसली तर ती पुसू नका. ती फोटोतलीच चांदी आहे, वर सरकलेली.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो सोडवताना नखाने उचकटू नये. दात साफ करायचा बारीक धागा मागून हळूहळू सरकवावा. अडला तर थांबावे आणि पूर्ण पान स्कॅन करावे.

स्कॅन फ्लॅटबेडवर (सपाट काचेच्या स्कॅनरवर), ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), फोटो कृष्णधवल असला तरी रंगीत मोडमध्ये, आपोआप सुधारणा करणारे पर्याय बंद ठेवून. टिफ फाइल (तपशील न गाळणारा प्रकार). सहा बाय नऊ सेंटिमीटरच्या फोटोची अशी फाइल साधारण ९ एमबीची होते, त्यामुळे जागेची चिंता नको. पाठ कोरी दिसली तरी तीही स्कॅन करा. पुसट शिक्का, स्टुडिओचे नाव कधी कधी स्क्रीनवरच उमटते. पाठवायचा तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तपशील गळतो. निगेटिव्ह असतील तर त्या फोटोपेक्षा मोलाच्या. व्हिनेगरसारखा वास येणारी निगेटिव्ह लगेच वेगळी ठेवा, तो बिघाड शेजारच्या फिल्मलाही लागतो.

मोबाइलमधल्या ‘एआय’ने फोटो रंगीत आणि स्पष्ट करण्याची नवी हौस आहे. आमची कळकळीची विनंती, त्या चित्राला मूळ फोटो म्हणू नका. यंत्र पुसट चेहऱ्याच्या जागी दुसराच चेहरा बसवते आणि खांद्यावरच्या पट्टीची अक्षरे मनाने घडवते. ज्या पट्टीवरून पलटण ओळखायची, तीच खोटी होते.

आणि हे काम लांबणीवर टाकू नका. १९७१ मध्ये विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. फोटो ए-४ आकारात मोठा करून न्या. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढा, आकडे घाला. ‘हे कोण?’ असे मोघम न विचारता एकेका आकड्यावर बोट ठेवून नाव, गाव, पलटण विचारा आणि बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. मूळ फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने एवढेच लिहा: नाव, जागा, साल, सांगणाऱ्याचे नाव. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. पाठ गुळगुळीत प्लास्टिकसारखी असेल तर पेन्सिल चालत नाही. तेव्हा मजकूर पाकिटावर लिहावा, आणि तोही फोटो आत घालण्याआधी.

आपले,
जुन्या फोटोंच्या जतनाचे काम करणारे काही वाचक, सोलापूर